पोपडे निघालेल्या होडीच्या हलला पुन्हा रंग देताना

प्रश्न : आमची छोटी फायबरची कॅटामरान आहे, म्हणजे दोन हलची (पाण्यात टेकणाऱ्या दोन धडांची) होडी, वापरून झाली की पाण्याबाहेर ओढून ठेवतो. गेल्या वर्षी दोन्ही हल घासून प्रायमर आणि वरून महागातला टू-पॅक (रंगात हार्डनर मिसळून लावायचा) पॉलियुरेथेन रंग दिला, तरी काही महिन्यांतच नखाने पोपडे निघायला लागले. रंगच खराब होता का? आता परत करायचंय, तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी एक पोपडा काढून खाली काय दिसतं ते बघा. खाली प्रायमर तसाच शाबूत असेल तर तुम्ही रंगाचा हात द्यायला उशीर केला, डब्यावर दिलेली वेळ टळून गेली की प्रायमर परत घासावाच लागतो. पण प्रायमरसकट निघून खाली गुळगुळीत जेलकोट, म्हणजे फायबरचा मूळचा वरचा थर, दिसत असेल तर मला वॅक्सचाच संशय येतो. साच्यातून आलेलं किंवा आपणच चमक यावी म्हणून लावलेलं वॅक्स नुसतं घासून जात नाही हो, उलट पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसतं आणि मग वरचा रंग कितीही भारी असला तरी धरत नाही.

म्हणून सुटलेला रंग खरवडा, हल साबणाने धुवा, मग वॅक्स काढायचं सॉल्व्हंट एका फडक्याने लावून ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा, फडकी सारखी बदला, कंटाळा करू नका. नंतर पाणी ओतून बघा. सलग पसरलं तर ठीक, थेंब जमले तर परत पुसा. पॉलिश पेपर त्यानंतरच हातात घ्यायचा, जुन्या रंगाच्या कडा ८० नंबरने उतरत्या करा, चिरा व्ही आकारात उघडून इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरा. इपॉक्सी वाळल्यावर कधीकधी वर मेणचट थर येतो, तो थिनरने नाही, साध्या पाण्याने आणि स्क्रबरने जातो, त्यावर तसंच घासलंत तर पुन्हा तेच रडगाणं.

मग प्रायमर द्या, तो वाळल्यावर २२० नंबरच्या पेपरने घासून रंगाचे पातळ दोन-तीन हात रोलरने द्या आणि लगेच कोरड्या ब्रशची टोकं हलकी फिरवा. भर उन्हात नको, संध्याकाळीही नको, दव पडलं की चमक जाते. स्प्रेच्या भानगडीत घरी पडू नका, या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना फार वाईट, रोलरने करतानाही ग्लोव्ह्ज आणि सॉल्व्हंटची वाफ अडवणारा मास्क हवाच.

होडी पाण्यात मुक्कामाला नसते, तेव्हा अँटीफाऊलिंगची (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून देतात त्या रंगाची) गरज नाही. फक्त रंग हाताला वाळलेला लागला तरी आठवडाभर तिला ट्रेलरवर चढवू नका.