नावाजलेल्या जिल्हा परिषद शाळेत मूल घालताना : पालकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जूनच्या प्रवेशांआधी आलेल्या पत्रांत यंदा एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला. जवळची जिल्हा परिषदेची शाळा चांगली म्हणून नाव काढते आहे, पण मूल तिथे घालताना पाय अडखळतो. त्यांतले पाच प्रश्न निवडले आहेत.

आमच्या गावच्या शाळेचा बोलबाला झाला आहे. दारातच शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलांचा मोठा फलक लावलाय. थोरला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत व्हॅनने जातो. धाकटीला गावातच पहिलीला घालावं असं मनात आहे. पण शाळा खरंच चांगली आहे हे कसं ओळखायचं?
— एक आई, सातारा जिल्हा

ताई, फलकाकडे नंतर बघू. आधी परवानगी घेऊन, शाळा भरलेली असताना तिसरीच्या वर्गात जा आणि मागच्या ओळीतल्या मुलाला वाचायला सांगा. पाठ्यपुस्तकातला धडा नको, तो पाठ झालेला असतो. वर्तमानपत्रातला किंवा गोष्टीच्या पुस्तकातला साधारण साठ शब्दांचा उतारा न्या. लहान मुलांचं वाचन-गणित पक्कं व्हावं म्हणून केंद्र सरकारने सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाने ठेवलेली अपेक्षा अशी आहे की दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत. घड्याळ लावा, पण मुलाला ते दिसू देऊ नका. वाचून झालं की उताऱ्यावर दोन साधे प्रश्न विचारा. भराभर वाचून एकाही प्रश्नाचं उत्तर न देणारं मूल अक्षरांवरून नुसतं धावत असतं, आणि अशी मुलं बऱ्याच शाळांत ‘वाचता येतं’ या रकान्यात मोजली जातात.

गणितासाठी पाटीवर ५०३ वजा २४७ लिहा. मधल्या शून्यामुळे हातचा दोनदा सोडवून घ्यावा लागतो. रीत फक्त पाठ केलेली मुलं इथेच अडतात. उत्तर २५६ आलं, तर ‘कसं केलंस?’ असंही विचारा. सांगता आलं की समजा, शिकवणं पक्कं आहे.

मग वह्या चाळा. पानोपानी लाल बरोबरच्या खुणा, पण चुकलेलं गणित मुलाने पुन्हा सोडवल्याची कुठेच खूण नाही, म्हणजे वह्या तपासल्या जातात पण त्यांतून शिकवलं जात नाही. आणि शिक्षक किती, ते मोजा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन आणि १२० पर्यंत चार शिक्षक हवेत. दोनशिक्षकी शाळेत एका गुरुजींकडे दोन-तीन वर्ग असतातच, त्यात कमीपणा काही नाही. मात्र ते एका वर्गाला शिकवतात तेव्हा दुसरा वर्ग काय करतो, ते पाहा. गटात वाचन, कृतिपत्रिका, मोठ्याने लहानाला शिकवणं असं काही नेमकं चाललेलं असेल तर उत्तम. नुसतं फळ्यावरचं उतरवून घेणं चाललं असेल, तर त्या मुलांचा निम्मा दिवस वाया जातो.

आता फलक. शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलांचं कौतुक हवंच, पण मुख्याध्यापकांना एक विचारा : वर्गात मुलं किती होती आणि त्यांतली परीक्षेला बसली किती? तीस मुलांच्या वर्गातली आठ निवडून, वर्षभर त्यांच्याकडूनच सराव करून घेतला आणि पाच चमकली, तर उरलेल्या बावीस जणांच्या घरांना शाळेने काय दिलं? आमच्या मते चांगल्या शाळेची पारख वर्गातल्या सर्वांत मागे असलेल्या मुलावरून करावी. ते मूल वर्षभरात किती पुढे सरकलं हे ज्या गुरुजींना वही दाखवून सांगता येतं, त्या शाळेत डोळे मिटून नाव घाला.

आणखी एक. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, २०२५ मध्ये खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेने जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. अशा बातम्यांनी जिल्हा परिषद शाळांबद्दलचा विश्वास वाढला, हे फार मोलाचं झालं. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. म्हणून हेही विचारा, की नाव कमावून देणारे गुरुजी उद्या गेले तर ही पद्धत चालवणारं दुसरं कोण आहे? बाकीचे शिक्षकही तसंच शिकवत असतील आणि पालकांची शाळा व्यवस्थापन समिती जागी असेल, तर शाळा टिकते.

सगळं मोफत म्हणतात, पण नेमकं काय मिळतं? आणि प्रवेशाच्या वेळी ‘शाळा विकासासाठी’ पाच हजार द्या म्हणाले, ते द्यायचे का?
— एक वाचक, पुणे जिल्हा

फी नाही. पाठ्यपुस्तकं आणि गणवेशाचे दोन जोड मोफत. पुस्तकं बहुधा पहिल्या दिवशी हातात पडतात. गणवेशाला मात्र उशीर होऊ शकतो, तोवर मूल साध्या कपड्यांत गेलं तरी त्याला कोणी घरी पाठवू शकत नाही. वर्षातून एकदा आरोग्य पथकाकडून तपासणी होते आणि शाळेत जंतनाशक गोळीही दिली जाते. तपासणीत दृष्टिदोष, कानाचं दुखणं, हृदयाचा दोष असं काही निघालं तर पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी दप्तरातच राहून जाते, म्हणून तपासणीच्या दिवशी मुलाला आठवणीने विचारा.

दुपारच्या जेवणाचं माप ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. गडबड होते ती डाळ-भाजीत. तांदूळ मोजून येतो आणि पोतं डोळ्यांसमोर असतं, पण आमटी पातळ झाली तर कुणाच्या लक्षात येत नाही. शंभर मुलं जेवणार असतील तर त्या दिवशी दोन किलो डाळ आणि पाच किलो भाजी चुलीवर चढायला हवी. हा हिशोब कोणत्याही आईला उभ्या उभ्या करता येतो. जेवण वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतं, ती वही मागून पाहा.

पाच हजारांबद्दल स्पष्ट सांगतो. प्रवेशासाठी देणगी मागणं आणि मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणं, या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापट दंड होऊ शकतो. गावोगावच्या चांगल्या शाळा लोकवर्गणीतूनच उभ्या राहिल्या आहेत, आणि ज्याला झेपेल त्याने जरूर द्यावं. पण प्रवेश पक्का झाल्यावर, स्वखुशीने, पावती घेऊन. न देणाऱ्याच्या मुलाला वर्गात त्याची जाणीव करून दिली जात असेल, तर ती वर्गणी राहत नाही.

आम्ही कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून आलो. मुलगा आठ वर्षांचा आहे. जन्मदाखला नाही, जुन्या शाळेचा दाखलाही नाही. इथली शाळा नावाजलेली आहे, ‘जागा नाही’ म्हणाले.
— एक वडील, अहिल्यानगर जिल्हा

दादा, तुमच्या मुलाचा हक्क पक्का आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही. वर्षाच्या मध्यात आलात तरी प्रवेश द्यावा लागतो. आठ वर्षांच्या मुलाला पहिलीत न बसवता त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेला अभ्यास वेगळा शिकवायचा, असं कायदा सांगतो. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा राज्याचा नियम आहे. नावाजलेल्या शाळेत लांबून व्हॅनने मुलं येतात आणि शेजारच्या वस्तीला ‘जागा नाही’ ऐकावं लागतं, हे अजिबात योग्य नाही.

तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. मुलाचं नाव, अंदाजे जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण आणि कोणत्या वर्गात प्रवेश हवा, एवढं साध्या कागदावर लिहून मुख्याध्यापकांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बहुतेक वेळा पोच मागितल्यावरच काम होतं. नाही झालं तर आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे दाद मागता येते. पुन्हा स्थलांतर करायची वेळ आली तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते दाखवलं की नव्या गावात मुलाला थेट वर्गात बसता येतं.

नाव दाखल करताना मात्र घाई नको. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण आणि जात जशी लिहिली जाईल तशीच ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते आणि पुढे जात पडताळणीपर्यंत पाठलाग करते. शाळेत असतानाच चूक दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर त्याच दुरुस्तीसाठी वरच्या कार्यालयांच्या मंजुरीत महिने जातात. जन्मतारीख अंदाजाने सांगणार असाल तर आधी आधार कार्ड, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद हे सगळं एकत्र ठेवून एकच तारीख ठरवा.

सेमी इंग्रजी वर्ग सुरू झाला आहे. घरात कुणाला इंग्रजी येत नाही. त्यात घालावं का?
— एक आजी, लातूर जिल्हा

आजी, सेमीमध्ये मुख्यतः गणित आणि पुढे विज्ञान इंग्रजीतून असतं. बाकी सगळं मराठीतच. घरी इंग्रजी नसलं तरी चालतं, पण मुलाचं मराठी वाचन पक्कं झालेलं हवं. या वर्गात एक अडचण हमखास येते. मूल बेरीज-वजाबाकी झटपट करतं आणि शाब्दिक उदाहरण आलं की गप्प बसतं, कारण वाक्यच कळत नाही. चांगले शिक्षक उदाहरण आधी मराठीत समजावून मग इंग्रजी शब्द देतात. तुम्ही नातवाला एवढंच विचारा : ‘आजच्या गणितात काय दिलं होतं आणि काय काढायचं होतं, ते मला मराठीत सांग.’ त्याला सांगता आलं की काळजी नको. महिनाभर सांगता आलंच नाही, तर गुरुजींना भेटा.

नात तिसरीत आहे, नवोदयला पाठवायची इच्छा आहे. गावची शाळा चांगली आहे, पण शहरात क्लास लावून तिथल्याच शाळेत घालावं असं मुलगा म्हणतो. तुमचं मत?
— एक आजोबा, बुलढाणा जिल्हा

गावातच ठेवा, आजोबा. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, तिथे परीक्षा देऊन सहावीत प्रवेश मिळतो. त्या सहावीच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेच्या पटावर नाव गेलं तरी मूल शहरी गटात मोजलं जातं. बरेच पालक नेमके इथेच फसतात. ज्या जिल्ह्यातून परीक्षा द्यायची, पाचवीही त्याच जिल्ह्यात शिकायला हवी. मुलींसाठी किमान एक तृतीयांश जागा आहेत, ही तुमच्या नातीची आणखी एक जमेची बाजू.

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. बुद्धिमत्तेचे प्रश्न आकृत्यांचे असतात. ते रोज वीस मिनिटांच्या सरावाने येतात, पण ते पाचवीत. तिसरीतल्या मुलीला आत्ताच गाइडला जुंपू नका. आत्ता तिला शाळेतल्या पेटीतली गोष्टीची पुस्तकं वाचू द्या, पाढे आणि अपूर्णांक पक्के होऊ द्या. शिष्यवृत्तीच्या दोन पेपरांना, म्हणजे १५०-१५० गुणांच्या भाषा-गणित आणि इंग्रजी-बुद्धिमत्तेलाही तीच तयारी लागते. चांगल्या शाळेत शिक्षक शाळेआधी किंवा नंतर सराव घेतात, त्याचे पैसे घेत नाहीत. पैसे घेऊन खासगी शिकवणी करायला शिक्षकांना कायद्यानेच मनाई आहे.

एक गोष्ट आजच तपासा. तुमची शाळा चौथीपर्यंतच असेल, तर पाचवीसाठी कोणती शाळा आहे आणि ती ग्रामीण हद्दीतच येते ना, हे मुख्याध्यापकांकडून समजून घ्या. पाचवीचा वर्ग गावातच हवा असेल तर त्याची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने करायची. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि अध्यक्ष पालकच असतो, तेव्हा तुमच्या सुनेने तिथे जरूर नाव द्यावं. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला येणारं अनुदान पटावर ठरतं : ३० मुलांपर्यंत दहा हजार, १०० पर्यंत पंचवीस हजार, २५० पर्यंत पन्नास हजार रुपये. ते खडू, वीजबिल, स्वच्छतागृह यांवर कसं खर्च झालं, हे बैठकीत विचारता येतं. शिक्षकांची पदंही ३० सप्टेंबरच्या पटावरून आणि आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांवरून ठरतात. नातीच्या आधारवरचं नाव शाळेतल्या नोंदीशी जुळत नसेल किंवा पाच वर्षांनंतरचे बोटांचे ठसे द्यायचे राहिले असतील, तर ते काम ऑगस्टच्या आत उरका.