तुमचं विचारा: ध्यानाला बसलं की 'मी'च जास्त दिसतोय

प्रश्न: ताई नमस्कार, उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे, वय ४८. बीपी निघाल्यावर डॉक्टर म्हणाले जरा शांत बसत जावा, म्हणून सहा महिने झाले रोज सकाळी वीस मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बसतो. पण डोळे मिटले की सगळं माझंच सुरू होतं, लग्नात मला पुढं बसवलं नाही, अमक्याला मी कसं गप्प केलं, गिऱ्हाईक पार्टीनं जॉब रिजेक्ट केले तर काय सुनवायचं. आधी मी असा नव्हतो हो. वर बायको म्हणते, "ध्यान करून लईच शेफारलायसा." अहंकार वाढतोय का माझा? घालवायचा कसा? (नाव छापू नका, उद्यमनगरात सगळे ओळखतात.)

उत्तर: दादा, कंसातली ओळ वाचून हसू आलं, निम्मं उत्तर तिथंच आहे, पण असू दे.

आधी असा नव्हतो हे काय मला पटत नाही बघा. शेजारचा कॉम्प्रेसर बंद झाला की आपल्या लेथचा खडखडाट ऐकू येतो, तो त्याच मिनिटाला सुरू झालेला नसतो. २००१ साली मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मांडलं की माणूस काहीच काम न करता नुसता पडून असतो तेव्हा मेंदूचे काही भाग उलट जास्त चालतात, त्याला डीफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात, आणि स्वतःबद्दलचे विचार, जुन्या आठवणी, उद्याची जुळवाजुळव हे सगळं त्या भागांशी जोडलेलं आहे असं पुढं दिसत गेलं. म्हणजे रिकामं बसलं की 'मी' सुरू, हे सगळ्यांचंच. २०११ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांना ध्यानात मुरलेल्या लोकांमध्ये ध्यानाच्या वेळी त्यातले मुख्य भाग कमी चालताना दिसले, पण मुरलेले म्हणजे खूप वर्षांचे हं, आपले सहा महिने त्यात धरू नका.

आणि अहंकार म्हणजे माज नव्हे. सांख्य तत्त्वज्ञानवाले ज्याला अहंकार म्हणतात तो 'हे माझं, हे मी केलं' असा शिक्का मारणारा कारकून आहे, दुःखावर पण मारतो, "माझंच नशीब फुटकं" हा पण त्याचाच शिक्का. गंमत म्हणजे आपण अस्मिता दुखावली म्हणून मोर्चे काढतो आणि योगसूत्रांत पतंजलींनी अस्मितेला, म्हणजे 'मी'पणालाच, पाच क्लेशांमध्ये, दुःखाच्या मुळांमध्ये बसवलंय. 'जगात भारी कोल्हापुरी' म्हणणाऱ्या गावात हे सांगायचं म्हणजे अवघडच आहे, मी पण इथलीच.

आता करायचं काय. आपली मराठी इथं फार कामाला येते. आपण म्हणतो मला राग आला, मला आठवलं, मला वाटलं, म्हणजे राग स्वतःच आला, पाहुणा यावा तसा, तुम्ही काय तो बनवला नाही. इथपर्यंत काही बिघडत नाही. पुढच्या वाक्यात मात्र 'मला'चा 'मी' होतो, "मी बघतोच त्याला", "मी म्हणून ऐकून घेतलं", आणि मग सिनेमा चालू. ती जागा धरायची, बस एवढंच. पार्टीचा विचार आला की मनात म्हणा, राग आला. 'मला' सुद्धा गाळा. जबडा घट्ट झालाय का, कान तापलेत का ते बघा आणि परत श्वासावर या. वीस मिनिटांत चाळीस वेळा यावं लागलं तर चाळीस वेळा या, ते मोजत पण बसू नका, नाहीतर संध्याकाळी आकडा बायकोला सांगाल.

वहिनींचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका पण. मी हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसलेले, पहाटे चारला घंटा, बोलणं बंद. चौथ्या दिवसापासून दिवसातून तीनदा तासभर हलायचं नाही असं असतं, तर मी हळूच एक डोळा उघडून शेजारची हलली का ते बघायचे! ती हलली की मला इतकं बरं वाटायचं. दहाव्या दिवशी मौन सुटलं तर अख्ख्या अंगणात "माझं काय झालं माहितेय का" एवढंच ऐकू येत होतं, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात म्हटलंय की अहंकार अडाण्याच्या मागं फारसा लागत नाही, जाणत्याचा गळा धरतो. तेव्हा "बघ, मी पकडला अहंकार" असं वाटलं की तो पण एक विचारच धरायचा आणि सोडायचा, "शी, मी किती अहंकारी" हा पण. घालवायच्या मागं लागू नका, घालवणारा पण तोच असतो. आणि बीपीची गोळी ध्यानाच्या भरवशावर बंद करू नका हं.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, पेठेच्या टीमकडून फुटबॉल खेळतो. ध्यान करून मीपणा गेला तर मैदानातला जोर जाईल का?

उत्तर: नाही रे बाळा. बॉल पायात असतो तेव्हा 'मी' कुठं असतो आठवून बघ, तेव्हा फक्त बॉल आणि समोरचा बॅक. 'मी' येतो पेनल्टीला चालत जाताना, चुकली तर पेठेत तोंड कसं दाखवू म्हणून, आणि पाय तिथंच जड होतो. शाहू स्टेडियममध्ये हरल्यावर स्टँडमधून काय काय ऐकू येतं ते तुला माहितीच आहे, त्या दिवशी घरी जाऊन दहा मिनिटं बस. जिंकलास त्या दिवशी राहू दे, त्या दिवशी कोण बसतंय.