हीटर नको, तंदूरजवळची जागा हवी

प्रश्न : माझी मुलगी वन्यजीवांच्या अभ्यासासाठी जानेवारी-फेब्रुवारीत हिमाचलातल्या स्पितीमध्ये, किब्बर गावी एका कुटुंबात राहणार आहे. तिथं उणे पंचवीसपर्यंत पारा उतरतो म्हणे. आम्ही सांगलीची माणसं, काळजीनं झोप लागत नाही. हीटर बरोबर द्यावा का? आणखी काय द्यावं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, यजमानांच्या रस्त्याच्या नोकरीमुळे स्पितीतलं मुख्य गाव काझा, त्याच्या वरच्या एका गावात मी तीन हिवाळे काढले आहेत. हीटर देऊ नका. बर्फ पडलं की वीज जाते, कधी दोन-दोन दिवस येत नाही. लेकीला सांगा, वेगळी खोली मागू नकोस. हिवाळ्यात तिथलं सगळं घर एका खोलीत येतं. मधोमध पत्र्याचा तंदूर, त्याचा धुराडा छतातून बाहेर, आणि भोवती आजीपासून नातवंडापर्यंत सगळे. स्वयंपाक तिथंच, लोकर कातणं तिथंच, झोपणंही तिथंच. जळण असतं लाकूड आणि वाळलेलं शेण, तेही उन्हाळ्यापासून साठवलेलं, मोजून वापरायचं. एका माणसासाठी दुसरी खोली तापवणं त्यांना परवडत नाही, आणि पाहुणी म्हणून ते नाही म्हणणार नाहीत.

पहिल्या वर्षी मी वेगळी राहिले. एका रात्री निखाऱ्यांची शेगडी आत घेतली, दार-खिडकी घट्ट लावली. पहाटे डोकं फुटायला आलं, पाय उचलेनात. घरमालकीणबाईंनी, आम्ही त्यांना आमा म्हणत असू, दार ढकलून मला ओढत बाहेर बर्फात आणलं. कोळशाचा तो वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे तिला दोनदा सांगा : धुराडा नसलेली आग बंद खोलीत कधीही नाही.

किब्बर सुमारे ४,२०० मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या अडीचपट. मनालीकडून येणाऱ्या वाटेवरची कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते, म्हणून सिमला, रेकाँग पिओ, ताबो असं किन्नौरकडून जावं लागेल. काझात निदान दोन रात्री थांबून, विरळ हवेची सवय करून मगच वर चढू दे. विरळ हवेत पाणी लवकर उकळतं, पण डाळ शिजत नाही. कुकर त्यांच्याकडे असतोच.

नळ गोठतात. झऱ्यावरचं बर्फ फोडून पाणी आणायचं, नाहीतर बर्फ वितळवायचं, आणि बादलीभर भुसभुशीत बर्फाचं पाणी तांब्याभरच होतं. आंघोळ आठवड्यानं झाली तरी पुष्कळ. शौचालय कोरडं, वरून राख-माती टाकायची. उन्हाळ्यात तेच खत शेतात जातं. हे आधी ठाऊक असलं की तिला अवघडल्यासारखं होणार नाही.

सामानात सुती बनियन नको. घामानं भिजलं की अंगावर गारठतं. लोकरीचे दोन-तीन पातळ थर, सैल मोजे, एक नंबर मोठे बूट. काळा चष्मा हवाच, बर्फावरचं ऊन डोळे भाजतं. खोबरेल तेल नको, दगड होतं, व्हॅसलीन द्या. मोबाईल रात्री पांघरुणात ठेवायचा, थंडीत बॅटरी बसते. आणि तिळाचे लाडू भरपूर द्या. संक्रांतीला मी केलेले लाडू आमांनी लोणी घातलेल्या खारट चहाबरोबर खाल्ले होते. पुढच्या वर्षी पहिलं बर्फ पडताच विचारलं, ‘लाडू कधी?’

बर्फ पडून थांबलं की घरातले सगळे फावडी घेऊन छतावर चढतात. छतं मातीची, सपाट. बर्फ राहिलं तर भार होतो, वितळलं की गळतं. त्या वेळी हिनंही फावडं उचलावं. दम लागेल, सावकाश उचलावं, पण उचलावं.

फोन चार-चार दिवस लागणार नाही. तिला निघण्याआधी काझातल्या एखाद्या दुकानदाराचा नंबर घेऊन तुम्हाला द्यायला सांगा. वरच्या गावातलं कुणी ना कुणी सामानाला खाली येतच असतं, त्याच्याकडून निरोप कळतो.