वाचकांचे प्रश्न : डायनॅमो गेला, जुन्या ॲमीटरचे काय?

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीचा डायनॅमो (वीज तयार करणारे जुन्या पद्धतीचे यंत्र) काढून मी ४५ ॲम्पिअरचा अल्टरनेटर (त्याच कामाचे नव्या पद्धतीचे यंत्र) बसवला आहे. डॅशबोर्डवरच्या मूळ ॲमीटरवर (वीजप्रवाह मोजणाऱ्या मीटरवर) दोन्ही बाजूंना ३० पर्यंतच आकडे आहेत. बॅटरी उतरलेली असताना गाडी सुरू केली की काटा टोकाला जातो आणि मीटरची मागची बाजू तापते. हा मीटर ठेवावा, की व्होल्टमीटर लावावा?

उत्तर : व्होल्टमीटर लावावा, आणि तोपर्यंत गाडी फारशी चालवू नये. स्टार्टर मोटरचा प्रवाह वगळला, तर बॅटरीत जाणारा आणि तिच्यातून येणारा जवळजवळ सर्व प्रवाह ॲमीटरमधूनच वाहतो. त्या काळचे बरेचसे डायनॅमो २०-२५ ॲम्पिअरचे असल्यामुळे ३० ची पट्टी पुरेशी होती. प्रवाह दुप्पट झाला की जोडणीतील उष्णता चौपट होते, त्यामुळे मीटरमागच्या सैल किंवा गंजलेल्या नटाने इतकी वर्षे जे निभावून नेले, ते आता त्याला पेलणार नाही. शिवाय या तारेला बहुधा फ्यूज नसतो. म्हणून मीटरला हात लावण्यापूर्वी बॅटरीची अर्थ केबल (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली तार) सोडवावी.

अल्टरनेटरपासून स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टर मोटरला बॅटरीशी जोडणाऱ्या विद्युत स्विचच्या) बॅटरीकडील टर्मिनलपर्यंत १० चौरस मिलिमीटरची नवी तार टाकावी आणि सोलेनॉइडजवळ तिला ६० ॲम्पिअरचा फ्यूज द्यावा. ॲमीटरच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना बोल्टने घट्ट जोडाव्यात व त्यावर इन्सुलेशन चढवावे. मीटर शोभेसाठी जागेवर राहिला तरी हरकत नाही. व्होल्टमीटर मात्र चावी फिरवल्यावर वीज येणारी तार आणि अर्थ यांच्यामध्ये जोडावा. त्याला बारीक तार आणि छोटा फ्यूज पुरतो.

इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हा आकडा समाधानकारक समजावा. तो १३ च्या खाली रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाही, आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडला आहे. हेच वाचन एकदा मल्टिमीटरने थेट बॅटरीवर घ्यावे. डॅशबोर्डवर अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसली, तर अल्टरनेटरला दोष देण्याआधी सांधे आणि अर्थ तपासावेत. माझ्या मते जुन्या गाड्यांचे चांगले अल्टरनेटर याच गैरसमजापायी उगाच बदलले जातात.

प्रश्न : व्होल्टमीटर लावल्यावर चार्जिंगचा लाल दिवा काढून टाकला तर चालेल का?

उत्तर : नाही. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा उद्दीपन प्रवाह (आतले चुंबकत्व जागवणारा प्रवाह) याच बल्बमधून मिळतो. तो काढला किंवा उडाला, तर इंजिनाची गती बरीच वाढवल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही, म्हणून बल्ब मूळ वॉटेजचाच ठेवावा.