हृदयशस्त्रक्रियेनंतरचा संभ्रम आणि मेंदूचा प्राणवायू

प्रश्न : माझ्या ६९ वर्षांच्या वडिलांची तीन आठवड्यांपूर्वी बायपास शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री ते आईलाही ओळखेनात, नळ्या उपसू लागले आणि ‘मला न्यायमंदिरापाशी उतरवा’ म्हणत राहिले. परिचारिका गुजरातीत विचारत, तर जन्मभर गुजराती बोललेले बाबा मराठीतच उत्तर देत. चार दिवसांत ते सावरले. मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल का? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण वर्णन केलेल्या अवस्थेला डिलिरियम, म्हणजे तात्पुरता संभ्रम, म्हणतात. तो बहुधा रात्री वाढतो आणि काही दिवसांत ओसरतो. प्राणवायूअभावी मेंदूला झालेली मोठी इजा अशी चार दिवसांत भरून येत नाही, म्हणून येथे तिची शक्यता मला कमी वाटते.

आपली भीती मात्र निराधार नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्केच असले, तरी विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा घेतो, आणि रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यास नेहमीच्या तापमानाला चार-पाच मिनिटांतच त्याच्या पेशींना इजा होऊ लागते. १९५३ साली जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र लावून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून हृदय थांबवूनही मेंदूला रक्त पुरवता येऊ लागले. शस्त्रक्रियेत रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांवर सतत लक्ष असते. काही ठिकाणी कपाळावर संवेदक चिकटवून मेंदूतील प्राणवायूही पाहतात. महाधमनीच्या ज्या शस्त्रक्रियांत रक्ताभिसरणच थांबवावे लागते, त्यांत मेंदूची गरज घटावी म्हणून शरीर बरेच थंड करतात. त्यानंतर पुन्हा ऊब देणे हे अधिक नाजूक काम असून ते सावकाशच करावे लागते, कारण मेंदूचे तापमान ३७ अंशांच्या वर गेल्यास आधीची लहान इजाही वाढू शकते.

बाबा मराठीत बोलू लागले, ही आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आहे; संभ्रमात माणूस आपल्या मातृभाषेकडे वळू शकतो आणि तीच त्याला अधिक समजते. अशा वेळी रुग्णाला त्याचा चष्मा आणि श्रवणयंत्र द्यावे, दिवसा उजेड व रात्री झोप मिळू द्यावी, आणि घरच्या माणसाने शांतपणे मराठीतून वार, वेळ, ठिकाण सांगत राहावे.

विसराळूपणा काही आठवडे राहू शकतो. तीन महिन्यांनंतरही औषधांच्या वेळा किंवा हिशेब चुकत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोबडे बोलणे यांपैकी काहीही अचानक दिसल्यास मात्र क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर फोन करावा, आणि शस्त्रक्रियेची तारीख व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावे डॉक्टरांना आधी सांगावीत.