बोटाचा ठसा आणि भावाचा पत्ता

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. निर्वासितांना कायद्याची मदत करणाऱ्या कार्यालयात, तेही इथे जर्मनीत, तू रुजू होतेयस हे कळल्यापासून मन भरून आलंय. पहिल्याच आठवड्यात तुझ्या टेबलावर ‘डब्लिन’ची फाइल येईल, म्हणून घाईने लिहितेय.

आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा हे युरोपातली सरकारं आपसात ठरवतात. १९९० साली डब्लिनला झालेल्या करारापासून ही पद्धत आहे. २०१३ च्या नियमात जबाबदारीचा क्रम दिलाय, तो सावकाश वाच. आधी जवळचं माणूस कुठे आहे ते बघायचं, मग व्हिसा कोणी दिला, आणि माणूस कोणत्या सीमेवरून आत शिरला हे त्याच्याही नंतर. कायद्यात नातं पहिलं आहे. फाइलमध्ये मात्र सगळ्यात वर असतो बोटाचा ठसा. युरोडॅक ही ठशांची यंत्रणा २००३ पासून चालू आहे. बोट टेकवलं की आधी कुठल्या देशात ठसा दिला होता ते लगेच कळतं. त्या माणसाचा थोरला भाऊ हॅम्बुर्गला राहतो हे यंत्रणेला कळत नाही. ते कुणीतरी विचारावं लागतं, त्याचे कागद जमवावे लागतात. तुझी सगळी मेहनत तिथे लागू दे.

२०१७ साली एक अफगाण तरुण माझ्याकडे आला. त्याला इथे संरक्षण मिळालं होतं, धाकटा भाऊ ग्रीसमध्ये एकटा अडकला होता. अर्ज केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ग्रीसने जर्मनीला विनंती पाठवायला हवी होती, आणि ती वेळेत गेलीही: मुलगा अल्पवयीन आहे, त्याला भावाकडे घ्या. उत्तर आलं, नकार. जन्मतारखेप्रमाणे मुलाला अठरा पूर्ण झालीत.

पुरावा होता लसीकरणाच्या कार्डाचा. घड्या पडून मधोमध विरलेला कागद, त्यावर दलव महिना, साल १३७८. सोबतच्या भाषांतरात फेब्रुवारी १९९९. दोन्ही कागद माझ्याकडून पुढे गेले होते आणि मी ते ताडून पाहिले नव्हते. नकार हातात आल्यावर पाहिले. आमच्या घरी पेटीत वडिलांची पत्रिका असायची, शके घालून लिहिलेली. शकात ७८ मिळवायचे हे लहानपणापासून पाठ, पण जन्म माघातला असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं. अफगाण वर्षही मार्चच्या २१ तारखेच्या आसपास सुरू होतं, आणि महिन्यांना राशींची नावं असतात. दलव म्हणजे कुंभ, जानेवारी-फेब्रुवारी. भाषांतर करणाऱ्याने सरसकट ६२१ मिळवले होते, तिथे ६२२ हवे होते. मुलगा २००० च्या फेब्रुवारीतला, सतरा वर्षांचा. एका बेरजेपायी तो सज्ञान ठरला होता.

फेरविचार मागायला तीन आठवडे मिळतात. नऊ दिवस आधीच गेले होते. आणि तो मागू शकत होतं फक्त ग्रीसचं सरकार. मी नाही, भाऊही नाही. दोन्ही देशांची कार्यालयं डब्लिननेट नावाच्या त्यांच्या बंद जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्या दोघा भावांना तिथे बसायला जागा नसते, ही गोष्ट मला आजही टोचते. म्हणून मुलाच्या अथेन्समधल्या वकीलबाईंना फोन केला. नवं भाषांतर, तारखांचा हिशोब, थोरल्याच्या लग्नातला फोटो ज्यात धाकटा कोपऱ्यात उभा आहे, असा एकच संच दोन्हीकडे दिला. त्या स्वतः तिथल्या कार्यालयात जाऊन तो देऊन आल्या. होकार आला. पण होकारानंतर मुलाला इकडे आणायला कायद्याने सहा महिने असतात, आणि ते जवळजवळ संपेपर्यंत पोरगा तिथेच होता.

म्हणून सांगते, पलीकडच्या देशातल्या एका तरी माणसाशी तुझी रोजची ओळख हवी. आणि तारखा वहीत लिहीत जा. २०१३ च्या नियमाप्रमाणे अशा विनंतीला दोन महिन्यांत उत्तर दिलं नाही तर ती मान्य झाली असं धरतात, त्यामुळे ती कधी पोचली याची पोच फाइलमध्ये असलीच पाहिजे. सरकारी कार्यालयातल्या लोकांवर चिडू नकोस, त्यांच्यापुढे फायलींचा ढीग असतो. मात्र ‘तिकडे सगळं नीट असेल’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. बेल्जियमने हेच गृहीत धरून एका अफगाण माणसाला ग्रीसला परत धाडलं होतं. तिथले त्याचे हाल पाहून २०११ च्या जानेवारीत स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने दोन्ही देशांना दोषी ठरवलं.

नियम आता बदलताहेत. २०२४ साली मंजूर झालेल्या कायद्यांचा अंमल २०२६ च्या मध्यापासून ठरलाय. त्यात ठसे चौदाऐवजी सहाव्या वर्षापासून घ्यायचे आहेत आणि विनंतीच्या मुदती आणखी आखडल्यात. सहा वर्षांच्या लेकराचा ठसा यंत्रात पहिल्याच दिवशी जाईल. त्याची मावशी कुठे राहते, हेही त्याच दिवशी विचार.

अफगाण महिन्यांचा तक्ता सोबत जोडलाय, ६२१ कुठे आणि ६२२ कुठे ते लाल शाईने लिहिलंय. टेबलासमोर चिकटव.

तुझी,
मावशी