शिरेतील गुठळी, मेंदूची सूज आणि एमआरआयचा अहवाल

प्रश्न : माझी धाकटी बहीण तीन आठवड्यांपूर्वी बाळंत झाली. त्यानंतर काही दिवसांतच तिचे डोके सतत दुखू लागले. तेव्हा केलेल्या सीटी स्कॅनमध्ये काही आढळले नाही. पुढे तिला फिट आली आणि बोलताना शब्द सापडेनासे झाले. एमआरआयच्या अहवालात डाव्या ट्रान्सव्हर्स सायनसमध्ये (मेंदूतले रक्त बाहेर वाहून नेणाऱ्या एका मोठ्या शिरेत) गुठळी आणि डाव्या टेम्पोरल (कानशिलाजवळच्या) भागात सूज व थोडा रक्तस्राव असलेले ‘व्हीनस इन्फार्क्ट’ (शीर तुंबल्याने मेंदूच्या भागाला झालेली इजा) असे लिहिले आहे. मेंदूचा तेवढा भाग कायमचा गेला असे समजायचे का? रक्तस्राव झालेला असताना डॉक्टर रक्त पातळ करणारी इंजेक्शने का देत आहेत?

उत्तर : नाही, एवढ्या अहवालावरून तसे समजू नये. धमनी बंद पडून होणारा पक्षाघात आणि शिरेतील गुठळीमुळे मेंदूला होणारी इजा या दोहोंचे अहवाल वरवर सारखे दिसले, तरी त्यांचा अर्थ बराच वेगळा असतो.

धमनी बंद झाली की मेंदूच्या त्या भागाला रक्तच मिळत नाही, पेशी थोड्याच वेळात फुगतात आणि त्यांच्यातील पाणी जागच्या जागी अडकते. शिरेत गुठळी झाली असता रक्त येत राहते, पण त्याचा निचरा तुंबतो. मागच्या लहान शिरांमधला दाब वाढतो आणि रक्तातील पाणी झिरपून पेशींच्या मधल्या जागेत साचते. या दोन प्रकारच्या सुजांमधला फरक ओळखण्याचे एमआरआयचे साधन म्हणजे डिफ्यूजन तपासणी. तीत पाण्याचे रेणू किती मोकळेपणी हलतात हे मोजले जाते आणि ते मोजमाप एडीसी या नकाशावर उमटते. अडकलेल्या पाण्याचा भाग त्या नकाशावर काळा दिसतो, तर मोकळ्या पाण्याच्या सुजेचा भाग उजळ दिसतो. ही दुसऱ्या प्रकारची सूज निचरा पुन्हा सुरू झाल्यावर बहुतेक वेळा ओसरते. शिरेच्या आजारात एकाच डागात दोन्ही प्रकारांची सरमिसळ आढळते, आणि विशेष म्हणजे एडीसी कमी झालेले काही भागही, मुख्यतः जिथे फिट येऊन गेलेली असते तिथले, नंतरच्या तपासणीत पूर्ववत झालेले दिसतात. धमनीच्या पक्षाघातात असे क्वचितच घडते. म्हणून पहिल्या दिवसाच्या एमआरआयवरून कायमच्या हानीचा निवाडा करण्याची घाई मला पटत नाही. अहवालात ‘इन्फार्क्ट’ लिहिलेले असले, तरी आपल्या डॉक्टरांना एवढे अवश्य विचारा की एडीसी नकाशावर त्या डागाचा किती भाग काळा आहे आणि किती उजळ.

रक्तस्रावाविषयीची आपली शंका रास्त आहे. मात्र हा रक्तस्राव तुंबलेल्या दाबामुळेच होतो, आणि अशा सुमारे एकतृतीयांश किंवा त्याहून थोड्या अधिक रुग्णांत तो पहिल्याच तपासणीत दिसतो. गुठळी वाढत गेली तर दाब वाढेल आणि रक्तस्रावही वाढण्याचा धोका राहील. त्यामुळे प्रौढांमध्ये रक्तस्राव दिसत असतानाही हेपरिन हे रक्त पातळ करणारे औषध देणे ही मान्य उपचारपद्धती आहे. गरोदरपण व बाळंतपणानंतरचे काही आठवडे हा या आजाराचा ठाऊक असलेला जोखमीचा काळ आहे, आणि सुरुवातीचे साधे सीटी स्कॅन त्यात अनेकदा निर्दोष येते. थोडा धीर देणारी गोष्ट अशी की 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 624 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे 79 टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले किंवा त्यांना किरकोळ त्रासच उरला. मात्र त्याच अभ्यासात सुमारे 8 टक्के रुग्ण दगावले, तेव्हा उपचारात ढिलाई नको.

प्रश्न : माझ्या एमआर व्हीनोग्राफीत (एमआरआयने केलेल्या शिरांच्या चित्रणात) डावा ट्रान्सव्हर्स सायनस दिसत नाही. एका डॉक्टरांनी गुठळीची शंका घेतली, दुसरे म्हणतात की तो जन्मतःच लहान आहे. खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही शक्य आहे, आणि नुसत्या व्हीनोग्राफीवरून याचा निकाल लागत नाही. कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करण्यासाठी शिरेतून द्यायचे द्रव्य) न देता केलेली व्हीनोग्राफी वाहते रक्त दाखवते. जिथे प्रवाह मंद किंवा वाकडा असतो तिथे चित्रात खंड पडतो, आणि डावा ट्रान्सव्हर्स सायनस उजव्यापेक्षा बारीक असणे हे अगदी नेहमीचे आहे. म्हणून गुठळी प्रत्यक्ष दिसते का, हे बाकीच्या चित्रांत शोधावे लागते, आणि ती कशी दिसते हे तिच्या वयावर अवलंबून असते. पहिल्या साधारण पाच दिवसांत ती टी-टू या प्रकारच्या एमआरआय चित्रात काळी दिसते आणि वाहते रक्तही तिथे काळेच दिसते, त्यामुळे चकवा बसतो. पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत ती टी-वन व टी-टू दोन्हींत उजळ होते आणि ओळखायला सोपी जाते. सुरुवातीच्या फसव्या दिवसांत एसडब्ल्यूआय ही एमआरआयमधलीच एक तपासणी उपयोगी पडते, कारण गोठलेल्या रक्तातील लोहामुळे तिच्यात ती शीर ठळक काळी आणि फुगलेली दिसते. मेंदूच्या पृष्ठभागावरील एखाद्या लहान शिरेतली गुठळी तर कित्येकदा केवळ याच चित्रात सापडते. सायनस बारीक आहे, पण आत गुठळीची कोणतीही खूण नाही आणि मेंदूत सूज नाही, असे असेल तर जन्मजात रचनेचीच शक्यता अधिक. तरीही शंका उरली, तर कॉन्ट्रास्ट देऊन व्हीनोग्राफी किंवा सीटी व्हीनोग्राफी करतात. आपली डोकेदुखी नवी आहे की जुनी, दृष्टी अंधुक होते का, नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याच्या पडद्यामागची नस तपासली आहे का, हे आपण कळवलेले नाही. दोन डॉक्टरांमधला मतभेद बहुधा तिथेच मिटेल.

प्रश्न : शिरेतील गुठळीवरचे उपचार पूर्ण होऊन सहा महिने झाले. नव्या एमआरआयत ‘जुन्या रक्ताच्या खुणा’ आणि ‘सायनस अंशतः मोकळा’ असे आले आहे. पुन्हा रक्तस्राव झाला का?

उत्तर : नाही. रक्त शोषले गेल्यावर मागे उरणारा लोहाचा अंश एसडब्ल्यूआय चित्रात अनेक वर्षे दिसत राहतो. सायनस पूर्ण मोकळा न होणेही असामान्य नाही. आजूबाजूच्या शिरा वाट काढून देतात आणि अनेकांना काहीही त्रास राहत नाही. डोकेदुखी वाढली, दृष्टीवर परिणाम झाला किंवा फिट आली, तर मात्र लगेच तपासणी करावी, आणि त्या वेळी आधीच्या एमआरआयचा नुसता कागदी अहवाल न नेता मूळ चित्रांची सीडी सोबत न्यावी.